सरोवराकाठचा हिवाळा

हिमवर्षाव ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे हिमाचे नाव काढताच एखादे सुंदर चित्र उभे राहते. पांढरीशुभ्र टेकडी, पांढरी झाडे, पिंजलेल्या कापसासारखे अलगद खाली येणारे कण आणि त्यांत बागडणारी मुले! हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. उत्तर अमेरिकेतील मोठ्या सरोवरांच्या काठी राहणाऱ्या लोकांना हिमाचे दुसरेही रूप ठाऊक असते. तेथे कधी कधी एका रात्रीत घराचे दार उघडेनासे होते, अंगणात उभी केलेली मोटार दिसेनाशी होते आणि रोजच्या पायाखालचा रस्ता नेमका कोठे होता हेही सांगता येत नाही. अशा प्रदेशातही लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तेथे शाळा भरतात, कारखाने चालतात, बाजार गजबजतात. हे त्या लोकांना कसे साधते? हिम येण्यापूर्वीच ते त्याच्या स्वागताची तयारी करून ठेवतात, हे त्याचे उत्तर होय.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या दोन देशांच्या सीमाप्रदेशात सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ओंटारिओ अशी पाच विशाल सरोवरे पसरलेली आहेत. त्यांना सरोवरे म्हणावयाचे ते पाणी गोडे आहे म्हणून. एरवी काठावर उभे राहिले असता पैलतीर दिसत नाही. पाचही सरोवरांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग पाण्याने व्यापला आहे असे मनात आणावे, म्हणजे या जलाशयांच्या विस्ताराचा अंदाज येईल. त्यांतील ईरी हे सरोवर सर्वांत उथळ आहे. ते आकाराने लांबट असून त्याची लांबी सुमारे ३८८ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कोल्हापूरला जाणाऱ्या रस्त्याएवढी आहे. त्याच्या पूर्व टोकाला न्यू यॉर्क राज्यातील बफेलो हे शहर वसले आहे. सरोवराकाठच्या हिमवर्षावासाठी हे शहर सर्व देशात प्रसिद्ध आहे.

थंडी तर आजूबाजूच्या सर्वच मुलखात असते. मग सरोवराच्या एका विशिष्ट काठावरच एवढे हिम का पडावे? याचे कारण समजण्यासाठी आपल्याकडील विहिरीकडे पाहावे. मार्गशीर्ष-पौषातील कडाक्याच्या थंडीत भल्या पहाटे विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यावर वाफ तरंगताना दिसते. पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. हवा मात्र लवकर गार होते. त्यामुळे त्या वेळी पाणी हवेपेक्षा उबदार असते. पाण्यावरून उठणारे बाष्प वरच्या गार हवेत शिरते, थिजते आणि धुक्यासारखे दिसू लागते.

विहिरीवर जे लहान प्रमाणात घडते, तेच सरोवरावर प्रचंड प्रमाणात घडते. उन्हाळ्यात सरोवराच्या पाण्याने सूर्याची उष्णता साठवून ठेवलेली असते. नोव्हेंबर-डिसेंबरात उत्तर कॅनडाकडून अतिशय थंड व कोरडी हवा खाली उतरते, तेव्हा ते पाणी पुरते निवालेले नसते. ही हवा पाण्यावरून वाहू लागली की तिचा खालचा थर उबदार होतो आणि बाष्पाने भरतो. उबदार हवा हलकी असल्यामुळे वर चढते, वर जाऊन पुन्हा गार होते, बाष्पाचे ढग बनतात, ढगांत हिमकण तयार होतात आणि वारा ज्या काठाकडे वाहत असेल त्या काठावर ते कोसळू लागतात. सरोवराचे पाणी आणि त्यावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवा यांच्या तापमानांत १३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक अंतर असले, म्हणजे हे चक्र जोराने फिरू लागते, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात.

यात वाऱ्याच्या दिशेला फार महत्त्व आहे. वारा सरोवराच्या रुंदीवरून आडवा गेला, तर त्याला पाण्यावर थोडाच प्रवास घडतो आणि बाष्पही थोडेच मिळते. परंतु तोच वारा लांबीच्या बाजूने वाहिला, तर शेकडो किलोमीटर तो पाणी पीत येतो. अशा वेळी सरोवरावर ढगांचा एकच लांब आणि अरुंद पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याचे तोंड ज्या गावावर येईल, तेथे एका तासात पाच-सात सेंटिमीटर, कधी कधी त्याहूनही अधिक हिम पडते. आणि पट्टा हलला नाही, तर असे तासांमागून तास चालते. वाऱ्याने किंचित दिशा बदलली की पट्टाही सरकतो, एका गावाची सुटका होते आणि शेजारचे गाव सापडते. काठाच्या पुढे उंच जमीन असेल तर हिमाला आणखी जोर चढतो. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना जसे महाबळेश्वरला आणि आंबोलीला पावसाने झोडपून काढतात, तसेच ओंटारिओ सरोवरावरून आलेले वारे पूर्वेकडील टग हिल या पठारावर चढताना हिमाचा मारा करतात. या पठाराच्या काही भागांत एका हिवाळ्यात पाच मीटरांहून अधिक हिम पडते.

अरुंद पट्ट्याचा प्रताप बफेलोच्या लोकांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये पाहिला. त्या महिन्याच्या १७ तारखेपासून चार-पाच दिवसांत शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत दीड मीटरांहून अधिक हिम पडले; काही ठिकाणी तर ते दोन मीटरांच्या घरात गेले. त्याच वेळी थोड्याच किलोमीटरांवर असलेल्या शहराच्या उत्तर भागात मात्र जेमतेम काही सेंटिमीटर हिम होते. उत्तरेकडून पाहणाऱ्यांना समोर जणू पांढरी भिंत उभी असल्याचे दिसत होते. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही, ही गोष्ट आठवली म्हणजे निसर्गाच्या अशा पक्षपाताचे नवल वाटणार नाही. मात्र यातून एक धडा घ्यावयाचा असतो. आपल्या अंगणात ऊन पडले आहे, यावरून दहा किलोमीटरांवरचा रस्ता मोकळा असेल, असे समजू नये.

हिमवर्षावात खरा धोका असतो तो प्रवासाचा. दाट हिम आणि जोराचा वारा एकत्र आले की आकाश, जमीन आणि रस्ता यांचा रंग एकच होतो. क्षितिज नाहीसे होते, सावली पडत नाही, स्वतःच्या मोटारीचे पुढचे टोकही दिसत नाही. रस्त्यावर कधी कधी बर्फाचा इतका पातळ व पारदर्शक थर जमतो, की खालचा काळा डांबरी रस्ताच वर दिसतो आणि चालकाची फसगत होते. बर्फावर चाकाला पकड मिळत नाही. ब्रेक दाबला तरी मोटार थांबण्याऐवजी घसरत जाते आणि थांबण्यासाठी नेहमीच्या कित्येक पट अंतर लागते. शिवाय वारा पडलेले हिम पुन्हा उडवून एका जागी त्याचे ढीग रचतो, त्यामुळे घटकेपूर्वी मोकळा असलेला रस्ता घटकेनंतर बंद झालेला असतो.

या संकटाला तोंड देण्याची तयारी तीन ठिकाणी करावी लागते : सरकारी पातळीवर, घरी आणि वाहनात.

सरकारी तयारीचा आरंभ हवामानाच्या अंदाजापासून होतो. संयुक्त संस्थानांची राष्ट्रीय हवामान सेवा सरोवराचे तापमान, वाऱ्याची दिशा आणि वरच्या हवेची थंडी यांवर सतत लक्ष ठेवते. हिमवर्षावाची शक्यता दिसताच ती आधी पूर्वसूचना देते आणि खात्री पटली म्हणजे स्पष्ट इशारा देते. इशारा मिळताच नगरपालिकांची माणसे कामाला लागतात. पुढे लोखंडी पाते बसवलेले अवजड ट्रक रस्त्यावरचे हिम कडेला सारतात आणि मागून मीठ पसरतात. मीठ कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. आइस्क्रीमच्या पॉटात बर्फाबरोबर खडेमीठ घालतात, हे सर्वांना माहीत आहे. मिठाचे पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही, द्रवरूपच राहते. याच गुणामुळे रस्त्यावरचे बर्फ वितळते. मात्र थंडी शून्याखाली दहा अंशांच्याही पलीकडे गेली, की मिठाची मात्रा फारशी चालत नाही. मग चाकांना पकड मिळावी म्हणून वाळू टाकतात. एवढे करूनही भागणार नसेल, तर खाजगी वाहनांना रस्त्यावर येण्याची बंदी केली जाते. ही बंदी कोणाच्या सोयीआड येण्यासाठी नसते. रुग्णवाहिका, अग्निशामक गाड्या आणि हिम हटवणारे ट्रक यांना वाट मोकळी मिळावी, एवढाच तिचा हेतू असतो.

घरची तयारी हिवाळ्याच्या तोंडाशीच उरकावी लागते. काही दिवस पुरेल इतके धान्य, पिण्याचे पाणी, औषधे, विजेरी, तिचे सेल आणि बाहेरची वार्ता कळावी म्हणून सेलवर चालणारा रेडिओ यांची तजवीज शहाणे गृहस्थ आधीच करतात. कारण तारा तुटून वीज गेली, की घर तापवण्याची यंत्रेही बहुधा बंद पडतात. तेव्हा सर्व कुटुंब एका खोलीत एकत्र बसते आणि दारांच्या फटी कापडाने बुजवते. शेगडी किंवा जनित्र घरात पेटते ठेवणे मात्र कटाक्षाने टाळतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही आणि वासही नाही. तो प्राण घेतो तेव्हा माणसाला चाहूलही लागत नाही. अंगावर एकच जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे अनेक थर घातलेले बरे, हे तेथील लहान मुलांनाही ठाऊक असते. आपल्या आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे अनेक थर असतात आणि थरांमध्ये कोंडलेली हवाच ऊब धरून ठेवते, तेच तत्त्व येथेही लागू पडते. पाचही बोटे एकत्र राहतील असे हातमोजे वेगवेगळ्या बोटांच्या मोज्यांपेक्षा अधिक उबदार असतात, कारण त्यांत बोटे एकमेकांना ऊब देतात. दारापुढचे हिम फावड्याने काढणे हेही सोपे काम नव्हे. थंडीत हृदयावर आधीच ताण पडलेला असतो. त्यात घाईने जड फावडी उचलल्यामुळे दरवर्षी काही माणसे प्राणास मुकतात. म्हणून थोडे काढावे, विसावा घ्यावा आणि पुन्हा काढावे, अशी रीत असते.

वाहनाची तयारी ही तितकीच महत्त्वाची. थंडीतही ज्यांचे रबर मऊ राहते, असे हिवाळी टायर बसवून घेतात. पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ देत नाहीत. मोटारीत घोंगड्या, फावडे, वाळूची पिशवी, विजेरी, पाणी, टिकाऊ खाद्यपदार्थ आणि भडक रंगाचे एक फडके ठेवतात. निघताना आपण कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा पोहोचणार, हे घरी सांगून ठेवतात. आणि सर्वांत मोठी तयारी म्हणजे, जाणे टाळता येत असेल तर न जाण्याचा निश्चय!

इतके करूनही मोटार हिमात अडकलीच, तर काय करावे? पहिला नियम असा की, मोटार सोडून जाऊ नये. उडत्या हिमात दहा पावलांत दिशा हरवते, आणि शोधणाऱ्यांना चालत्या माणसापेक्षा उभी मोटार लवकर सापडते. दुसरा नियम असा की, धूर बाहेर सोडणारी सायलेन्सरची नळी हिमाने बुजली नाही ना, हे पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. नाहीतर तोच विषारी वायू आत भरतो. नळी मोकळी करून तासातून सुमारे दहा मिनिटे इंजिन चालवावे आणि त्या वेळी खिडकी किंचित उघडी ठेवावी. भडक फडके बाहेर दिसेल असे बांधावे. हातपाय हलवीत राहावे. तहान लागली तरी हिम तसेच खाऊ नये, कारण ते वितळवण्यासाठी शरीराची ऊब खर्च होते. आधी त्याचे पाणी करावे आणि मग प्यावे. २०१४ च्या त्या हिमवर्षावात नायगारा विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल संघ घेऊन येणारी बस बफेलोजवळच्या महामार्गावर सुमारे तीस तास अडकून पडली होती. मुली बसमध्येच एकत्र राहिल्या आणि सुखरूप बाहेर आल्या.

परंतु प्रत्येक वेळी असे सुदैव लाभत नाही. १९७६ च्या डिसेंबरात ईरी सरोवर लवकर गोठले. सरोवर गोठले की बाष्प मिळत नाही आणि काठावरचा हिमवर्षाव मंदावतो, त्यामुळे लोक एरवी निश्चिंत होतात. पण या वेळी गोठलेल्या पृष्ठभागावर भुसभुशीत हिमाचा प्रचंड साठा पडून राहिला होता. २८ जानेवारी १९७७ रोजी ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचे झोत सुटले आणि त्यांनी तो सर्व साठा उचलून बफेलोवर आणून टाकला. नवे हिम थोडेच पडले होते, तरी शहर गाडले गेले. त्या वादळात २९ माणसे दगावली. त्यांतील काही तर हिमाखाली दडलेल्या आपल्या मोटारींतच सापडली.

पुढे २३ डिसेंबर २०२२ रोजी नाताळच्या तोंडावर भयंकर वादळ आले आणि त्यात सरोवरावरून येणाऱ्या हिमाची भर पडली. दीड दिवसाहून अधिक काळ समोरचे काही दिसत नव्हते. हवामान सेवेने आधीपासून इशारे दिले होते. प्रवासबंदीही त्या दिवशी सकाळी जाहीर झाली. तरी तोवर कित्येक जण कामासाठी किंवा सणासाठी घराबाहेर पडले होते. मदतीला धावणाऱ्या गाड्याच हिमात रुतल्या. बफेलो आणि परिसरात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली : कोणी मोटारीत, कोणी रस्त्यात, तर कोणी ऊब नसलेल्या घरात.

त्या काळरात्रीतील एक हकीकत मात्र मनाला धीर देणारी आहे. एक तरुण हिमात अडकलेल्या आपल्या मित्राच्या मदतीस निघाला आणि स्वतःच अडकला. त्याने अनेक दारे ठोठावली, पण कोणी आसरा दिला नाही. अनोळखी माणसांना आपल्या गाडीत घेऊन त्याने रात्र काढली. सकाळी जवळच एक बंद शाळा असल्याचे त्याला कळले. तिची खिडकी फोडून तो आत गेला आणि आसपासच्या गाड्यांत गारठून बसलेल्या वीसहून अधिक माणसांना त्याने शाळेत आणले. त्यांत वृद्धही होते. शाळेच्या स्वयंपाकघरातील अन्न सर्वांनी वाटून खाल्ले. वादळ ओसरल्यावर सर्व जण आपापल्या घरी गेले. परंतु जाण्यापूर्वी खिडकी फोडल्याबद्दल क्षमा मागणारी चिठ्ठी लिहून ठेवण्यास तो तरुण विसरला नाही. पुढे पोलिसांनी त्याला शोधले, ते शिक्षा करण्यासाठी नव्हे, त्याचे आभार मानण्यासाठी.

आज शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बफेलो या सरोवराकाठच्या शहरांत अनेक मराठी कुटुंबेही राहतात. हिम कधी न पाहिलेल्या मुलखातून गेलेल्या या माणसांना पहिला हिवाळा अवघडच जातो. शेजारी जे करतात ते पाहून तीही ही विद्या शिकतात. फावडे कोठे ठेवावे, मोटारीत काय असावे आणि कोणत्या दिवशी मुकाट्याने घरी बसावे, हे त्यांच्या मुलाबाळांच्याही अंगवळणी पडते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही आपल्याकडची जुनी म्हण सरोवराकाठच्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. वारा कोणत्या दिशेने वाहावा, हे कोणाच्या हाती नाही. परंतु तो कोठून येतो, काय घेऊन येतो आणि केव्हा येणार आहे, हे जाणणे मनुष्याच्या हाती आहे. ते जाणून जो वेळीच घर भरून ठेवतो, इशारा ऐकतो आणि अडलेल्या शेजाऱ्यासाठी आपले दार उघडे ठेवतो, त्याच्या घरात बाहेर पांढरा अंधार कोसळत असतानाही दिवा शांतपणे तेवत राहतो.

स्वाध्याय

१. पौषातील पहाटे विहिरीवर दिसणारी वाफ आणि सरोवराकाठचा हिमवर्षाव यांत कोणते साम्य आहे?
२. कारणे सांगा : (अ) रस्त्यावर मीठ पसरतात. (आ) अडकलेली मोटार सोडून जाऊ नये. (इ) सरोवर गोठल्यावर हिमवर्षाव मंदावतो.
३. एकाच शहराच्या दोन भागांत हिमाचे प्रमाण इतके वेगळे कशामुळे असते?
४. शाळेची खिडकी फोडणाऱ्या तरुणाने क्षमा मागणारी चिठ्ठी का लिहिली असावी, ते तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावी अतिवृष्टी किंवा पूर येण्याचा इशारा मिळाला, तर घरी कोणती तयारी कराल, याची यादी करा.